गोविंदरावांचा व्यासंग

गवयाचे आत्मकथन म्हटले की मानपत्रांची जंत्री वाचावी लागणार, अशी धास्ती वाटते. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथाचे नावच ती धास्ती घालवते. १९११ साली 'संगीत मानापमाना'ला चाली देऊन महाराष्ट्र डोलवणाऱ्या या कलावंताने मथळ्यात कीर्ती मिरवली नाही, व्यासंग सांगितला.

भास्करबुवा बखले यांना ते गुरू मानीत. पण समोर बसून तालीम अशी त्यांना मिळालीच नाही. जे मिळाले ते ऐकून. पेटीही बव्हंशी स्वतःच्याच कष्टाने साधली, आणि उत्तरायुष्यात तिचे एकल वादन सोडूनही दिले. ज्या वाद्याने नाव दिले त्यालाच रामराम करणे सोपे नव्हे!

कागदावर सूर उमटत नाहीत, ही अशा ग्रंथांची उणीव खरीच. सावद्यासारख्या, मैफिलीपासून दूरच्या गावी ती अधिकच जाणवते. तरीही मी मास्तर असल्याने मला हा ग्रंथ मोलाचा वाटतो. 'आम्हांला कुणी शिकवलेच नाही' ही सबब वर्गात नेहमी ऐकू येते. गोविंदरावांचे आयुष्य हेच तिला उत्तर आहे. वाचकहो, या दिवाळीत ते मुलांना जरूर सांगा.