प्रशस्ती आणि राजाज्ञा : सातवाहन साम्राज्याच्या आकलनाची चिकित्सा

प्राचीन महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाची मांडणी करताना नाशिक येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख हा गौतमीपुत्र सातकर्णीच्या साम्राज्यविस्ताराचा प्रमुख आधार मानला जातो. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील या लेखात असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ आणि आकरावंती या प्रदेशांचा राजा म्हणून गौतमीपुत्राचा गौरव आढळतो. पदवी स्तरावरील अध्यापनात ही नामावली बहुधा जशीच्या तशी नकाशावर उतरविली जाते व तिच्या आधारे एकसंध, केंद्रीभूत साम्राज्याचे चित्र उभे केले जाते. प्रस्तुत लेखात या वाचनाची चिकित्सा केली आहे.

मुळात हा लेख प्रशस्ती आहे. तो राजाने नव्हे, तर राजमातेने कोरविला असून बहुतेक अभ्यासकांच्या मते त्या वेळी गौतमीपुत्र हयात नव्हता. दिवंगत पुत्राच्या पराक्रमाचे मातेने केलेले हे स्मरण आहे. त्यात प्रदेशांची नावे आहेत, त्यांच्या कारभाराविषयी मात्र अक्षर नाही. शिवाय शके ७२ (इ. स. १५०) चा उल्लेख असलेल्या जुनागढ लेखात महाक्षत्रप रुद्रदामन याच नऊ नावांपैकी आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरान्त या पाच प्रदेशांवर आपले स्वामित्व सांगतो. जिंकलेला प्रदेश आणि शासनाखाली आणलेला प्रदेश यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

शासनाचे प्रत्यक्ष स्वरूप पाहावयाचे तर त्याच लेण्याच्या ओसरीतील राजाज्ञांकडे वळावे लागते. १८ व्या राज्यवर्षी गौतमीपुत्र विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास आज्ञा देतो. पश्चिम कखडी गावातील, आजवर ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तन क्षेत्र त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, मिठासाठी खोदकाम करू नये. ऋषभदत्त हा क्षहरात नहपानाचा जावई. म्हणजे सत्तांतर होताच नव्या राजाने जुन्या सत्ताधीशाच्या जमिनीची विल्हेवाट लावली आणि ती लेखी नोंदवून ठेवली. येथवर सर्व काही साम्राज्यास शोभेसे आहे. परंतु २४ व्या वर्षी अमात्य श्यामकास दुसरी आज्ञा निघते. या वेळी राजासोबत राजमातेचेही नाव असून तिला 'जीवसुता', म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे ती, असे म्हटले आहे. आज्ञेचे कारण असे, की कखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तन जमीन भिक्षूंना देण्यात आली. पुढे पुळुमावीच्या २२ व्या वर्षी पुन्हा सुदिसण गावाच्या मोबदल्यात समलिपद गाव दिल्याची नोंद आहे.

विजेत्याच्या छावणीतून निघालेले दान ओसाड गावात पडून राहिले आणि दुरुस्ती होण्यास सहा वर्षे लागली, ही बाब प्रशस्तीतील नऊ नावांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्वाची मानावी लागेल. युद्धाने उजाड झालेला मुलूख, बदललेला अमात्य आणि तरीही आपली चूक शिळेवर कोरून ठेवणारी राजसत्ता असे तिन्ही घटक या एका लेखात एकत्र दिसतात.

या संदर्भात चीनशी तुलना उद्बोधक ठरते. इ. स. पू. २२१ मध्ये छिन घराण्याने सहा राज्ये जिंकून देशाची ३६ प्रांतांत विभागणी केली व तेथे वंशपरंपरागत सरदारांऐवजी नियुक्त अधिकारी नेमले. हूपे प्रांतातील शुईहूती येथे १९७५ मध्ये सापडलेल्या बांबूपट्ट्यांवरील छिन कायद्यांनुसार, पाऊस किती झाला आणि किती जमीन पेरणीविना राहिली हे स्थानिक अधिकाऱ्याने लेखी कळवावयाचे होते. अशा व्यवस्थेत कखडीचे पडीक शेत, निदान नियमानुसार, त्याच वर्षी कागदावर आले असते! तथापि इतक्या काटेकोर कायद्यांचे छिन साम्राज्य जेमतेम पंधरा वर्षे टिकले, हेही विसरता येत नाही. त्यानंतरच्या हान घराण्याने नियुक्त अधिकारी आणि राजकुळातील मांडलिक अशी दुहेरी रचना स्वीकारली, इ. स. पू. १५४ मधील सात राज्यांच्या बंडानंतर मांडलिकांचे बळ खच्ची करण्यात आले.

सातवाहनांचे साम्य छिनांपेक्षा आरंभीच्या हानांशी अधिक आहे. 'आहार' या विभागावर अमात्य आणि त्यांच्या जोडीला महारठी, महाभोज यांसारखी घराणी, अशी ती रचना होती. कार्ले येथील पुळुमावीच्या ७ व्या वर्षाच्या लेखात महारठी सोमदेव करांसह गाव दान देतो. करावर हक्क असल्याखेरीज हे शक्य नाही. नाण्यांच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. छिन सम्राटाने सर्वत्र एकच नाणे लागू केले. गौतमीपुत्राने मात्र नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपली चिन्हे ठोकली. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाणी अशी पुनर्मुद्रित आहेत. जुने मोडण्यापेक्षा त्यावर शिक्का मारणे सोयीचे होते.

खानदेशाच्या इतिहासलेखनासाठी या चिकित्सेचे महत्त्व विशेष आहे. वा. वि. मिराशी यांनी ऋषिक म्हणजे खानदेश असे समीकरण मांडले व या भागात ते जवळजवळ निर्विवाद समजले जाते. परंतु प्रशस्तीतील असिक हे नाव कृष्णेच्या खोऱ्याशी जोडणारे अभ्यासकही आहेत. मिराशींच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर ठेवूनही असे म्हणावे लागते, की एका वादग्रस्त नावावर संपूर्ण प्रदेशाची शासनव्यवस्था उभी करता येत नाही. खानदेशाच्या उंबरठ्यावरील पितळखोरे येथील लेखांत प्रतिष्ठानचा गंधिक आणि राजवैद्याचे कुटुंब दाते म्हणून येतात. अमात्य वा आहार यांचा निर्देश तेथे नाही. 'पेरिप्लस'कार प्रतिष्ठान हे भरुकच्छापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो. तो माल गाड्यांवरून ज्या घाटांतून उतरत असे, त्यांत साक्रीजवळील कोंडाईबारीचा विचार व्हावयास हवा. गोवर्धनला अमात्य होता. या वाटेवर जकात कोण घेत होते, अमात्य की एखादा महारठी, याचा शोध नामावलीच्या बाहेर, नाण्यांत आणि तापी-पांझरेच्या काठच्या पांढरींत घ्यावा लागेल.