उंडेऱ्याचे 90 टक्के : एका जुन्या आकड्याची तपासणी

बडोद्यातल्या प्लेगवर मराठीत काही लिहायचं झालं की एक वाक्य आपल्या लेखणीतून आपोआप उतरतं : ‘हाफकिन साहेबांनी 1898 मध्ये उंडेरा गावी प्लेगची लस टोचली आणि ती 90 टक्के गुणकारी ठरली.’ मीही हे वाक्य लिहिलेलं आहे, तेव्हा ही टीका आधी माझ्यावर. पण 90 टक्के कशाचे, असं एका तरुण श्रोत्यानं विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. शंभरांना टोचलं आणि नव्वद वाचले, असाच अर्थ बहुतेकजण घेतात. तो चूक आहे.

आधी भायखळ्याची गोष्ट आठवू. हाफकिननं 10 जानेवारी 1897 ला स्वतःला टोचून घेतलं आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तिथल्या कैद्यांना टोचलं. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत 12 आजारी पडले आणि 6 मेले. टोचलेल्यांत 2 आजारी, मृत्यू एकही नाही. आकडे चांगलेच आहेत. पण टोचून घ्यायला पुढे आलेले कैदी स्वतःहून आले होते. पुढे येणारा माणूस अधिक धडधाकट असेल, अधिक सावध असेल, कोण जाणे! मग वाचवलं कुणी, लसीनं की त्याच्या मूळच्या प्रकृतीनं?

हा संशय उंडेऱ्यात बराच कमी होतो, आणि आपल्या लेखांत नेमकी तीच गोष्ट गळते. बडोद्यापासून सहा मैलांवरचं हे गाव. फेब्रुवारी 1898 मध्ये हाफकिन आणि बॅनरमन तिथं गेले तेव्हा प्लेग गावात आधीच होता. त्यांनी घराघरांतली माणसं बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना टोचलं. बायका, पुरुष, मुलं, अशक्त, सशक्त हे दोन्हीकडं शक्यतो सारखे राहतील असं पाहिलं. एकाच छपराखाली, त्याच उंदरांच्या सोबतीनं, त्याच चुलीवरचं खाणारे दोन गट. तुलना करायची तर अशीच करायला हवी. गावात 513 जणांना टोचलं, 437 जण तसेच राहिले.

पुढं 28 कुटुंबांत प्लेग झाला. त्या घरांत टोचलेले 71 आणि न टोचलेले 64. टोचलेल्यांपैकी 8 आजारी पडले, 3 मेले. न टोचलेल्यांपैकी 27 आजारी पडले, 26 मेले.

आता 90 टक्के कुठून आले ते बघा. 64 मध्ये 26 मेले, त्याच हिशेबानं 71 मध्ये सुमारे 29 मरायला हवे होते. मेले 3. म्हणजे व्हायचे त्यातले 26 मृत्यू टळले. 29 पैकी 26 म्हणजे नव्वदीला टेकलेला आकडा. इथं शंभर माणसांतली नव्वद वाचली असं काही नाही. जे मृत्यू एरवी झाले असते त्यांतले नव्वद टक्के झाले नाहीत. आजही लसीची परिणामकारकता याच त्रैराशिकानं काढतात. 2020 मध्ये फायझरच्या लसीचा 95 टक्के हा आकडा आला तो लस घेतलेल्यांत 8 आणि खोटी सुई घेतलेल्यांत 162 कोरोना रुग्ण, दोन्ही गट जवळपास सारखे, एवढ्यावरूनच.

दुसरा हिशेब आपण कधी मांडतच नाही. आजारी पडण्यापासून उंडेऱ्यात किती संरक्षण मिळालं? 71 मध्ये 8 म्हणजे 11 टक्के, 64 मध्ये 27 म्हणजे 42 टक्के. उत्तर येतं सुमारे 73 टक्के. म्हणजे एकाच गावात एकाच लसीचे दोन टक्के : मृत्यूसाठी 90, आजारासाठी 73. ‘90 टक्के गुणकारी’ या शब्दांत दोन्हींची खिचडी होते.

त्यात हा 73 जरा लटपटता आहे. न टोचलेल्या 27 आजाऱ्यांपैकी 26 मेले! गाठीच्या प्लेगनं पुष्कळ माणसं मरत, पण काही बरीही होत. मला वाटतं, त्या घरांतली सौम्य दुखणी नोंदवलीच गेली नसावीत. प्लेगचा रोगी घरात आहे हे सांगायची भीती त्या वर्षी कुणाला नव्हती? पुण्यात रँडचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं. उलट टोचलेल्याला ताप आला तर डॉक्टरांचं लक्ष असणारच. तसं असेल तर लसीचं खरं संरक्षण 73 पेक्षा जास्तच निघेल. मृत्यू मात्र लपवायला अवघड, म्हणून 90 चा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो.

भरवशाचा, पण नेमका नव्हे. इंग्रजी कागदांत तो 89.65 असा दशांशाच्या दोन घरांपर्यंत येतो. ही अचूकता फसवी आहे. अपेक्षित मृत्यू पुरे 29 धरले तर 89.65, तंतोतंत 28.84 धरले तर 89.60. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टोचलेल्यांत आणखी एक माणूस दगावला असता तर हाच आकडा 86 वर आला असता, एक कमी दगावला असता तर 93 वर गेला असता. तीन मृत्यूंवर उभा राहिलेला आकडा दशांशात सांगू नये.

एक शंका मात्र फिटली. फक्त प्लेग झालेली घरं धरली म्हणून आकडा फुगला का? सगळं गाव धरून, 513 मध्ये 3 आणि 437 मध्ये 26 असा हिशेब केला, तरी 90 च येतात.

हुबळीत त्याच वर्षी हजारोंना टोचलं गेलं आणि पुष्कळांना तो पुरावा जास्त मोठा वाटतो. मला नाही वाटत. तिथं आठवड्या-आठवड्याला टोचलेले वाढत होते, न टोचलेले घटत होते, माणसं ये-जा करत होती. मेलेले मोजले तरी कितीपैकी मेले हे कसं ठरवायचं? उंडेऱ्याची 135 माणसं निदान कोणत्या घरातली हे माहीत होतं. ग्रीनवुड आणि यूल यांनी 1915 मध्ये लशींच्या आकडेवारीसाठी अटी घातल्या, त्यांत दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत आणि रोगाचा धोका दोघांना सारखा हवा, या होत्या. उंडेरा त्यांच्या जवळ जातो, सतरा वर्षं आधी.

पूर्णपणे उतरत नाही तो एका ठिकाणी. घरातले कोणते निम्मे टोचायचे, याच्या चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. डॉक्टरांनी ‘सारखे’ वाटून दिले म्हणजे कुणाच्या तरी नजरेनं वाटले. आई बाजूला राहिली आणि मुलाला टोचलं, की उलट? अंगात आधीच कणकण असलेला माणूस कोणत्या बाजूला गेला? शिवाय ज्यांना टोचलं नाही त्यांतले 26 गेले, ही गोष्ट तर आपण लिहितच नाही. लस चालते की नाही हे त्या दिवशी पक्कं ठाऊक नव्हतं, म्हणून मी हाफकिनला दोष देत नाही. पण त्या 26 जणांशिवाय आपले 90 टक्के निघत नाहीत, एवढं तरी छापायला हवं.

त्या काळच्या वहिवाटदार कचेरीचे किंवा गावच्या तलाट्याचे कागद, मोडीतले असोत की गुजरातीतले, कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर मंडळाला दाखवावेत. कोणते निम्मे, हे त्यांतच कुठंतरी असेल.