पूर्णाला कशाची हौस?

ज्याला काहीच कमी नाही, त्याने जग कशाला निर्माण करावे? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादात हा आक्षेप अवघ्या दोन शब्दांत येतो आणि पुढच्याच सूत्रात तीन शब्दांत त्याचे उत्तर: ही नुसती लीला आहे. आपण मान डोलावून पुढे जातो. रस आहे तो त्यावरच्या शांकरभाष्यात.

आचार्य प्रतिपक्षाला कच्चा ठेवत नाहीत. तो म्हणतो, शहाणा माणूस क्षुल्लक कामही हेतूवाचून करत नाही. मग एवढे चराचर उभारणे ही काय साधी उठाठेव? हेतू असेल तर ईश्वर तृप्त नाही. नसेल तर त्याच्या हातून काही घडणारच नाही. वेडा माणूस हेतूवाचून धडपडतो म्हणावे, तर ईश्वराची सर्वज्ञता गेली. वर हा गडी याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला केलेला उपदेशही आपल्या बाजूला ओढतो!

यावर आचार्य दाखला देतात तो सगळे मिळवून बसलेल्या राजाचा किंवा अमात्याचा. असा माणूस केवळ लीला म्हणून क्रीडेत रमतो. मला हा दाखला लंगडा वाटतो. राजालाही कंटाळा येतो आणि करमणूक ही गरजच. लौकिक क्रीडेत एखादा बारीक हेतू सापडेलही, असे आचार्य पुढे स्वतःच म्हणतात. म्हणजे त्यांचाही त्यावर पुरता भरवसा नसावा. म्हणून लगोलग दुसरा दाखला: श्वास. तो काही साधायचे म्हणून कोणी घेत नाही, स्वभावानेच चालतो. दरबारातून थेट नाकपुडीपर्यंत मारलेली ही उडी फार देखणी आहे.

राजा एके दिवशी खेळायला बसतो नि उठतो. श्वास केव्हा सुरू केला, हे कोणाला आठवते? याचे मोल पुढच्या सूत्रांत कळते. लीला म्हणावी तर कोणी सुखात आणि कोणी हालात, हा कसला निर्दय खेळ? उत्तर येते: ज्याचे त्याचे कर्म. ईश्वर पावसासारखा, भात उगवेल की जव, हे बियाण्यावर. मग पहिल्या सृष्टीआधी कर्म आले कुठून? संसार अनादि आहे, पहिली सृष्टी नाहीच. म्हणजे पूर्ण ईश्वर एकटा बसून ‘करू की नको’ ठरवतो आहे, असा क्षण कधी नव्हताच. तो क्षण राजाच्या दाखल्यात शिल्लक राहतो, श्वासाच्या दाखल्यात नाही.

लीलासूत्राच्या भाष्याअखेर मात्र आचार्य सृष्टीची सगळी कथाच अविद्येच्या खात्यावर टाकतात. तर्काला ते धरूनच आहे, पण वाचक म्हणून मी थोडा हिरमुसतो. ज्ञानदेव ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचेच खंडन करतात आणि जगाला चैतन्याचा विलास मानतात. माझा कौल तिकडे. फक्त श्वासाचा दाखला आचार्यांकडून मागून घेऊन.