बुलंद दरवाजावरचा न वाचलेला लेख

आग्रा आणि फत्तेपूर सिक्री एका दिवसात दाखविणाऱ्या सहलीतील वाटाड्याचे निवेदन हे आम्ही मौखिक वाङ्मयच मानतो; तेव्हा त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावयास हवी. रंजकतेत ते कोठेही उणे पडत नाही. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा, जिला समकालीन आधार नाही, मोठ्या रसाने सांगितली जाते. पाणी आटले म्हणून सिक्री ओस पडली, हेही ठरलेलेच. १५८५ मध्ये अकबर वायव्य सरहद्दीच्या चिंतेने पंजाबकडे निघाला, हे मात्र राहून जाते.

आमची खरी तक्रार बुलंद दरवाजापाशी आहे. तेथे छायाचित्रांसाठी मंडळी ऐसपैस थांबतात. पण दरवाजावरील फारसी लेखाचा अर्थ कोणी सांगत नाही. दख्खन आणि खानदेश जिंकून बादशहा १६०१ मध्ये परतला, अशी नोंद त्यात आहे. (आपल्या खानदेशचे नाव तेथे आहे, हे किती मराठी प्रवाशांना ठाऊक असेल?) आणि त्याच दरवाजावर, ईसाच्या नावे, जग हा केवळ ओलांडावयाचा पूल, तेथे घर बांधू नये, अशा आशयाचे वचन कोरलेले आहे. चारही शुभवर्तमानांत ते सापडत नाही. मुस्लिम परंपरेने ते जपले. १५८० मध्ये गोव्याहून येशूसंघीय रुडॉल्फ अक्वाविवा आणि आंतोनियो मोन्सेराते ज्या नगरीत धर्मचर्चेसाठी आले, तेथेच विजयाची नोंद आणि विजय फोल ठरविणारे वचन शेजारी नांदते, याहून मोठी कथा कोणती?

एकट्या वाटाड्याला दोष देणे अन्यायाचे होईल. बस सुटण्याची घाई असते आणि श्रोत्यांनाही तोडलेल्या हातांचीच गोष्ट हवी असते.