हजेरीपटावरचा महानायक

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली जन्मलेल्या या माणसाने मराठी मुलखाला मारुतीच्या रूपाने बळाचा जो नमुना दिला, तो आजच्या सुपरहिरोच्या फार जवळचा आहे. मनात आणलं तर इवलासा, नाहीतर आभाळाला भिडणारा. जालना जिल्ह्यात मारुतीचं देऊळ नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल. पण ज्यांची घरं गावकुसाबाहेर होती, त्यांना या संकटमोचनाचं दर्शन पिढ्यान्‌पिढ्या लांबूनच घ्यावं लागलं. महानायक कुणाच्या बाजूने उभा असतो, हा प्रश्न आपल्याकडे कॉमिक्स येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

अमेरिकेत सुपरमॅन १९३८ साली आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही ज्यू स्थलांतरितांची पोरं. त्यांचा नायकही परक्या ग्रहावरून आलेला, खरी ओळख लपवून जगणारा. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ काढलं. जन्मतःच वेगळे असलेले म्युटंट आणि त्यांचा तिटकारा करणारा समाज. पुढे काळ्यांनी, ज्यूंनी, समलिंगींनी त्यात आपापलं दुःख वाचलं. याचं कौतुक आपल्याकडेही होतं, पण मला ते पुरतं पटत नाही. एक तर पहिल्या तुकडीतले पाचही जण गोरे होते. दुसरं, सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून खरोखरच भिंत फोडणारे किरण निघतात, म्हणजे घाबरणाऱ्याच्या भीतीला काहीतरी आधार आहे. पारध्याच्या पोराच्या डोळ्यांतून काहीच निघत नाही. तरी गावात चोरी झाली की संशय आधी त्याच्याच पालावर जातो. रूपक इथे तोकडं पडतं, आणि तेही ऐन मोक्याच्या जागी.

२००० सालच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटात म्युटंटांची सरकारदरबारी नोंद करायचा कायदा येऊ घातलेला असतो. प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. आपल्याकडे हा काटा १८७१ सालीच कागदावर उतरला होता. गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या नोंदी केल्या आणि त्यांच्यामागे सरकारी हजेरी लावली. कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये, आणि माणसं ‘विमुक्त’ झाली. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’मध्ये (१९५९) हीच हजेरी मांगवाड्याच्या मानेवर बसलेली आहे. फकिरा घोड्यावर मांड टाकतो, खजिना लुटतो, उपाशी माणसांच्या तोंडी घास घालतो. सुपरहिरोचं सगळं साहित्य त्याच्यापाशी आहे. फक्त मुखवटा नाही. तो कसा असणार? तोंड न दाखवता हजेरी लागते थोडीच!

‘एक्स-मेन’ आलं त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. तिकडे एंजल कोटाखाली पंख पट्ट्यांनी आवळून बांधतो; इकडे रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला गेलेला तरुण आपली जात दडवतो, ती डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. क्लार्क केंटचं सोंग उतरलं की आतून सुपरमॅन निघतो. बागुलांच्या नायकाचं उतरतं तेव्हा मार पडतो, आणि त्याला सोडवायला धावतो तो जात न लपवणारा काशिनाथ. गुप्त ओळखीची याहून भेदक कथा मी कॉमिक्समध्ये वाचलेली नाही.

१९७२ ची गंमत तर और आहे. ब्लॅक पँथर पक्षाशी नातं जोडलं जाऊ नये म्हणून मार्व्हलने आपल्या ब्लॅक पँथरचं नाव काही काळ ब्लॅक लेपर्ड केलं. त्याच वर्षी मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही मंडळी दलित पँथर म्हणून रस्त्यावर उतरली.

इतकं असून आजचं चित्र फिकं आहे. ‘बाजी’ (२०१५) हा मराठी सुपरहिरोपट म्हणून गाजवला गेला. मुखवटा आला, गावचा तारणहार आला, पण गावकुसाबाहेरचं गाव काही त्यात आलं नाही. अंबड-परतूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली पोरं मोबाइलवर ‘छोटा भीम’ बघतात. त्यातला भीम गोरा, आणि दांडगाई करणारा काळाकुट्ट पोरगा म्हणजे कालिया. हा रंग सहज म्हणून निवडला, असं मला तरी वाटत नाही.

अपवाद ‘भीमायन’चा. २०११ मध्ये ‘नवयान’ने काढलेली, आंबेडकरांच्या आयुष्यावरची ही इंग्रजी चित्रकथा दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रंगवली. चौकटी नाहीत, गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानं विभागतात. जाचणाऱ्यांच्या संवादफुग्याला विंचवाची नांगी, सोसणाऱ्यांचा फुगा पाखराच्या आकाराचा. शाळेत पाण्यासाठी ताटकळणारा भीम त्यात आहे आणि १९३४ चा दौलताबादचा हौदही आहे. तेव्हा दौलताबाद आणि जालना दोन्ही निजामाच्या राज्यात, म्हणजे ही गोष्ट घरचीच. इथला नायक उडत नाही, त्याला तहान लागते. चमत्कार सगळा रेषेत आहे, आणि ती रेषाही समाजाने कडेला ठेवलेल्या हातांची.

‘फकिरा’ कुणी या वाटेने काढायला घेतला, तर गबऱ्या घोडा सगळेच आधी काढतील. मी म्हणेन, पहिली दोन पानं हजेरीच्या रांगेला द्यावीत. तोंडं एकेक करून, नीट ओळखू येतील अशी.