कुमारवय, वर्ण आणि पोलिसी दृष्टी : ‘द रेज ऑफ इनोसन्स’ची चिकित्सा

कुमारवय हे चुका करण्याचे, धाडस करून पाहण्याचे आणि स्वतःची ओळख शोधण्याचे वय होय. समाज या वयातील चुका पोटात घालतो, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेत ही सवलत सर्व वर्णांच्या मुलांना सारखी मिळत नाही, हे क्रिस्टिन हेनिंग यांच्या ‘द रेज ऑफ इनोसन्स’ (२०२१) या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. हेनिंग जॉर्जटाऊन विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक असून वॉशिंग्टन येथे अल्पवयीन आरोपींचा बचाव करण्याचा त्यांना प्रदीर्घ अनुभव आहे. साहजिकच त्यांचे विवेचन केवळ पुस्तकी राहिलेले नाही.

खेळण्यातील पिस्तूल, हुडी, संगीत, पोलिसाला दिलेले उलट उत्तर अशा साध्या गोष्टींभोवती ग्रंथाची मांडणी झाली आहे. गोऱ्या मुलाच्या बाबतीत जो खोडकरपणा ठरतो, तोच कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत धोका ठरतो. २०१४ मध्ये क्लीव्हलँड येथे बारा वर्षांचा टमीर राइस पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच्या हाती खेळण्यातील पिस्तूल होते. त्याचे वय पोलिसांनी वीसच्या आसपास असल्याचे कळविले. बालकाचे बालपणच नजरेला न दिसणे, ही ग्रंथातील सर्वांत प्रभावी संकल्पना या घटनेत मूर्त होते.

मात्र दोष केवळ नजरेचा मानल्यास विश्लेषण अपुरे राहते. पिस्तूल बहुधा खोटे असून ती व्यक्ती बहुधा अल्पवयीन असावी, असे दूरध्वनी करणाऱ्याने सांगितले होते. ही माहिती घटनास्थळी जाणाऱ्या पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाही. येथे पूर्वग्रहाइतकीच यंत्रणाही उत्तरदायी ठरते. कायद्याचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गॉल्ट खटल्यात बालआरोपींना वकिलाचा हक्क दिला आणि २०११ च्या जे. डी. बी. खटल्यात चौकशीच्या संदर्भात वय विचारात घेण्यास सांगितले. परंतु वर्णाचा प्रश्न त्या कसोटीबाहेरच राहिला. २००० च्या वॉर्डलो निर्णयानुसार गुन्हेप्रवण वस्तीत पोलिसांना पाहून पळणे हे संशयाला पुरेसे कारण ठरू शकते. भीतीने पळणाऱ्या मुलाची भीतीच त्याच्याविरुद्धचा आधार बनते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मात्र कृष्णवर्णीयांच्या पळण्यामागे वारंवार होणाऱ्या अपमानास्पद तपासणीचा अनुभव असू शकतो, हे मान्य केले.

बचाव पक्षाच्या वकिलाने वर्णाचा मुद्दा न्यायालयात स्पष्टपणे मांडला पाहिजे, हा निष्कर्ष या निर्णयातून दृढ होतो. तथापि वकील मुलापर्यंत पोहोचतो तो अटकेनंतर. आणि पोलिसी वर्तनाने मनावर उमटलेला आघात निर्दोष सुटकेने पुसला जात नाही, हे हेनिंग यांनीच समर्थपणे दाखविले आहे. म्हणूनच ग्रंथाच्या अखेरीस येणारी मुलांच्या चिवटपणाची चर्चा दिलासा देणारी असली, तरी सावधपणे वाचावी लागते. अन्याय सोसण्याची ताकद मुलांमध्ये असणे हे यंत्रणा बदलण्याला पर्याय ठरू शकत नाही. ही मर्यादा लक्षात घेऊनही बालन्यायाच्या अभ्यासकांसाठी हा ग्रंथ मोलाचा आहे.