श्रेणी नेमकी कशाची? : बेळगाव-निपाणी सीमाभागातील उच्च प्राथमिक वर्गांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

मुंबई इलाख्याच्या काळात बेळगाव जिल्ह्यातील मुलाची खरी कसोटी सातवीच्या शेवटी लागत असे. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा गावात शिकलेला ठरे आणि त्याला प्राथमिक शाळेत मास्तरकीही मिळू शके. त्या परीक्षेत दोष पुष्कळ होते. परंतु पास आणि नापास या शब्दांचा अर्थ सर्वांना सारखाच कळत होता. आज सहावी ते आठवीच्या प्रगतिपत्रकावर जी श्रेणी असते तिचा अर्थ काय, असे निपाणीच्या एखाद्या पालकाने विचारले तर आपणापैकी किती जण खात्रीने उत्तर देऊ शकतील? अध्यापक घडविणाऱ्या आपल्यासारख्यांनी या प्रश्नाचा विचार करणे गरजेचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि कलम ३० ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नको असे सांगितले. कर्नाटकात वर्षाचे चार एफ.ए. व दोन एस.ए. असे भाग पडले. प्रत्येक एफ.ए. ला १५ आणि प्रत्येक एस.ए. ला २० असे भारांकन, म्हणजे शंभरापैकी साठ गुण वर्गशिक्षकाच्या हातात. शिक्षकावर इतका विश्वास टाकणारी योजना आपल्याकडे क्वचितच आली असेल, आणि तत्त्व म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. तथापि तिची अंमलबजावणी जवळून पाहिली की चिंता वाटते.

श्रेण्यांचे पट्टे पाहा. ९० पासून ए प्लस, ७० ते ८९ ए, ५० ते ६९ बी प्लस, ३० ते ४९ बी आणि त्याखाली सी. निपाणी परिसरात जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखूची काढणी असते आणि ऊसतोडही चालू असते. घरातली मोठी माणसे शेतावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळायला सातवीतली मुलगी घरी राहते. समजा, अशी एक मुलगी चौथ्या एफ.ए. च्या वेळी गैरहजर राहिली आणि शिक्षकाने रकान्यात शून्य मांडले. उरलेल्या ८५ गुणांत तिने सर्वत्र ८० टक्के मिळविले, तर बेरीज होते ६८ आणि श्रेणी बी प्लस. जे काम तिने केले त्याच्याच आधारे हिशेब केला असता तर ८० टक्के, म्हणजे ए. या दोन श्रेण्यांमधले अंतर तिच्या गणिताने निर्माण केलेले नाही, तंबाखूच्या हंगामाने केले आहे. 'गैरहजर' आणि 'येत नाही' या दोन भिन्न गोष्टी एकाच शून्यात कोंबल्या गेल्या. नोंदवहीत शून्याऐवजी 'गैरहजर' लिहून ती परत आल्यावर तोच उपक्रम तिच्याकडून करून घेणे अवघड नाही. पण नोंदी वेळेत पूर्ण दाखविण्याच्या घाईत हे सुचत नाही.

दुसरी गोष्ट प्रकल्पाची. एफ.ए. मध्ये उपक्रमाला गुण असतात आणि वर्गात रंगीत तक्ते जमा होतात. तयार चित्रे दुकानात मिळतात, उरलेले काम थोरली बहीण करते. सुबक तक्त्याला पंधरापैकी चौदा आणि वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणलेल्या माहितीला नऊ! मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा हेच केले, हे कबूल करायला हवे. आपण मुलाला नव्हे, त्याच्या घरातील पैशाला व सवडीला गुण देत आहोत, हे लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली. उपक्रम वर्गातच, शाळेच्या कागदावर करून घेतला तर यातला निम्मा अन्याय आपोआप टळेल.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात अधिक नाजूक आहे. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके कन्नड, मराठी, उर्दू, इंग्रजी अशा सात भाषांत निघतात, ही मोठीच सोय. तरीही घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, शिवाय कन्नड व इंग्रजी, असे ओझे सहावीतले मूल वाहत असते. २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांत शिकविणे बंधनकारक झाले. कन्नड यायलाच हवे, त्याविषयी वाद नाही. परंतु विज्ञानाच्या उत्तरात मुलाने कल्पना बरोबर मांडली आणि एक शब्द दखनी वळणाचा लिहिला, तर गुण कापायचे कशाबद्दल? विज्ञानाचे गुण विज्ञानाला द्यावेत. भाषेच्या चुकीवर खूण करावी, गुण कापू नयेत.

वर्गातील मूल्यमापनावर विश्वास राहिला नाही म्हणूनच कदाचित, २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीच्या दुसऱ्या एस.ए. साठी मंडळाची प्रश्नपत्रिका आणली. २०२४ मध्ये त्यात नववीही आली. पुढे जे घडले ते शोचनीय आहे. ६ मार्चला उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने अधिसूचना रद्द केल्या, दुसऱ्याच दिवशी खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली, ११ मार्चला परीक्षा सुरू झाली आणि लगेच सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविल्याने मध्येच थांबली. २२ मार्चला खंडपीठाने पुन्हा परवानगी दिल्यावर उरलेले पेपर झाले. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखला. कोणालाही नापास करणार नाही, असे शासन सांगत होते. पण आठवीच्या मुलाला ते कोणी समजावून सांगायचे? आणि बाहेरची प्रश्नपत्रिका आणली म्हणून उत्तरपत्रिका तपासणारा हात बदलतो असेही नाही. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च व एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडे पाठविली, तेव्हा तिला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले होते.

यावर मोठा खर्च लागत नाही. एकाच शाळेतील दोन शिक्षकांनी पाच उत्तरपत्रिका नावे झाकून स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि फरक का पडला यावर अर्धा तास बोलावे. त्यातून बरोबर उत्तरात काय अपेक्षित आहे, हे दोघांनाही लेखी ठरवावे लागते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यासही आपल्या उपयोगाचा आहे. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांची प्रगती झाली. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, कारण मुलांची नजर गुणांवरच थांबते. तेव्हा चारपैकी निदान पहिल्या दोन एफ.ए. च्या वह्या शेरा लिहून परत कराव्यात, गुण आपल्या नोंदवहीत ठेवावेत आणि मुलाने दुरुस्ती करून आणली की वाढवावेत. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत पाठ घेण्याचा सराव भरपूर होतो, उत्तरपत्रिका तपासण्याचा मात्र जवळजवळ नाही. सराव पाठांच्या वेळापत्रकात त्यासाठी दोन तासिका सहज काढता येतील.